वैद्यकीय हयगय आणि नुकसानभरपाई : जोशी–गोडबोले निर्णयाची चिकित्सा

न्यायालयाचा निर्णय हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न काही अभ्यासकांच्या मनात येण्याचा संभव आहे. निर्णय हा कायद्याच्या विद्यार्थ्याने नमुन्यासाठी वाचावयाचा, वकिलाने आधारासाठी वाचावयाचा आणि इतरांनी त्याच्या परिणामापुरता जाणून घ्यावयाचा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु निर्णय हाही एक लेख आहे. त्यात निवेदन असते, पुराव्याची निवड असते, तर्काची मांडणी असते आणि शेवटी एक मूल्यनिर्णय असतो. मूल्यनिर्णयाची किंमत जेथे रुपयांत सांगितली जाते, तेथे तर निवेदन आणि निष्कर्ष यांचा मेळ बसतो की नाही, हे तपासणे अभ्यासकाचे कर्तव्यच ठरते. या दृष्टीने सर्वोच्च न्यायालयाने २ मे १९६८ रोजी दिलेल्या ‘डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्रिंबक बापू गोडबोले’ या निर्णयाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. वैद्यकीय हयगयीसंबंधी भारतातील न्यायविचाराचा हा पाया समजला जातो, आणि त्याची सारी घटना रत्नागिरी, पुणे आणि दौंड या आपल्या परिचयाच्या भूमीत घडली आहे.

हा विचार करताना प्रस्तुत लेखकाने एक वाचक डोळ्यांसमोर ठेवला आहे. बारामती तालुक्यातील कन्हेरी या गावचा तो रहिवासी आहे, असे समजावे. तो शेतीवर किंवा शेतमजुरीवर जगतो. दुखणे साधे असेल तर बारामतीस जातो, अवघड असेल तर पुण्याची वाट धरतो. दौंड त्याला अनोळखी नाही. बारामतीची रेल्वे दौंडलाच मिळते. उपचारात झालेल्या चुकीमुळे त्याच्या घरातील माणूस दगावले, तर या निर्णयापासून त्याला काय मिळते, हा आपला प्रश्न आहे. निर्णयाची थोरवी विद्वानांच्या गौरवोद्गारांनी मोजावयाची नसून, ज्याच्यासाठी कायदा आहे त्या माणसाला तो किती उपयोगी पडतो यावरून मोजावयाची आहे.

१

प्रथम घटनेचे निवेदन पाहू. सुमारे वीस वर्षांचा एक तरुण ६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत या गावाच्या समुद्रकिनाऱ्यावर पडला आणि त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. किनारा घरापासून दीड मैल दूर. खाट आणून त्याला घरी नेण्यातच वेळ गेला. गावच्या डॉक्टरांनी पायाला लाकडी फळ्या बांधून तो हलणार नाही अशी व्यवस्था केली आणि दुसऱ्या दिवशी पुण्यास नेण्याचा सल्ला दिला. मग फळ्यांच्या जागी योग्य आधारपट्ट्या लावून त्याला मोटारीत आडवे ठेवण्यात आले. आई आणि गावचे डॉक्टर बरोबर होते. सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून ही मंडळी ९ मे रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास पुण्यास पोहोचली. वडील दौंड येथे वैद्यकीय व्यवसाय करीत. तेही पुण्यास आले होते.

पुढचे निवेदन तासांच्या हिशेबाने चालते. एका रुग्णालयात क्ष-किरणांखाली पाय पाहिला गेला. हाडाची टोके एकमेकांवर चढली असल्याचे आढळले. त्यानंतर दुपारी सव्वादोनच्या सुमारास रुग्णास प्रतिवादी शल्यवैद्यांच्या रुग्णालयात दाखल करण्यात आले. मॉर्फियाची दोन इंजेक्शने एका तासाच्या अंतराने द्यावीत अशी सूचना होती. प्रत्यक्षात एकच दिले गेले. क्ष-किरण चित्रे घेतली, रुग्णास वरच्या मजल्यावरील शस्त्रक्रियागृहात नेले, पाय प्लास्टरमध्ये घातला. साडेपाचच्या सुमारास त्याला खोलीत आणले. मॉर्फियाचा अंमल सात वाजेपर्यंत उतरेल असे आश्वासन मिळाल्याने वडील दौंडला परतले. आई मुलाजवळ राहिली. साडेसहाच्या सुमारास मुलाला श्वास घेणे जड जात आहे आणि खोकला येत आहे, हे तिच्या ध्यानात आले. धावपळ झाली, तातडीचे उपचार झाले. रात्री नऊ वाजता मुलगा वारला. चरबीचे कण रक्तात मिसळून रक्तवाहिनी अडल्याने मृत्यू आला, असे प्रमाणपत्र देण्यात आले.

या निवेदनाचा विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. त्यात कोठेही विशेषणांचा मारा नाही. शोकाचे वर्णन नाही. पण घड्याळाचे काटे पुढे सरकत असता वाचकास दिसत राहते की, सव्वादोन ते नऊ एवढ्या अवधीत एक तरुण माणूस हातातून निसटला. वडील गाडीने घरी परतत आहेत आणि आई खाटेजवळ बसून आहे, एवढ्या दोन गोष्टींनी निवेदन पुरेसे बोलके झाले आहे. न्यायमूर्ती शेलत यांनी लिहिलेल्या या निर्णयात वेळांची नोंद पुराव्याच्या गरजेने आली आहे हे खरे; परंतु काळजीचा अभाव हा बहुधा वेळेच्या नोंदीतूनच सिद्ध होतो, हेही तितकेच खरे आहे. रोग्याच्या नातेवाइकास शास्त्र कळत नाही. किती वाजता काय झाले, हे मात्र त्याला आयुष्यभर आठवते. या निर्णयाने त्या आठवणीला पुराव्याचे स्थान दिले, ही त्याची पहिली थोरवी होय.

२

दुसरी थोरवी त्याच्या तात्त्विक मांडणीत आहे. इंग्रजी कायद्याच्या हॉल्सबरीकृत ग्रंथाचा आधार घेऊन न्यायालय सांगते की, जो माणूस उपचार करण्यास सिद्ध होतो, तो आपल्यापाशी त्या कामापुरते ज्ञान व कौशल्य आहे अशी ग्वाहीच देत असतो. त्यातून त्याच्यावर तीन कर्तव्ये येतात : रुग्ण हाती घ्यावयाचा की नाही हे ठरविताना काळजी घेणे, कोणता उपचार करावयाचा हे ठरविताना काळजी घेणे, आणि ठरलेला उपचार प्रत्यक्ष करताना काळजी घेणे. यांपैकी कोणत्याही कर्तव्यात कसूर झाली तर रुग्णाला दाद मागण्याचा अधिकार उत्पन्न होतो. अपेक्षा सर्वोच्च कौशल्याची नाही, अगदी किमान कौशल्याचीही नाही; वाजवी काळजीची आहे. उपचाराची निवड करण्यात डॉक्टरला विवेकाचे स्वातंत्र्य आहे आणि आणीबाणीच्या प्रसंगी ते अधिक विस्तृत आहे, हेही न्यायालय मान्य करते.

या तीन कर्तव्यांची विभागणी वरवर पाहता शालेय वाटेल. तिचे महत्त्व असे की, ‘डॉक्टरांनी हयगय केली’ या मोघम आरोपाला ती निश्चित जागा दाखवून देते. मराठीत आपण हयगय, हलगर्जीपणा, निष्काळजीपणा, दुर्लक्ष, बेपर्वाई हे शब्द जवळजवळ समानार्थी म्हणून वापरतो. परंतु त्यांत छटा आहेत. दुर्लक्षात न पाहणे आहे. हलगर्जीपणात पाहूनही वेळेवर न करणे आहे. बेपर्वाईत परिणाम ठाऊक असूनही त्याची पत्रास न बाळगणे आहे. हयगय हा शब्द या सर्वांना पोटात घेतो आणि म्हणूनच कायद्याच्या मराठीत तो स्थिरावला असावा. दुखावलेला माणूस यांपैकी सर्वांत कठोर शब्द उच्चारतो. कायदा मात्र विचारतो की, नेमके कोणते कर्तव्य चुकले? या खटल्यात उत्तर तिसऱ्या कर्तव्याशी संबंधित होते. उच्च न्यायालयाचा निष्कर्ष असा की, योग्य भूल न देता, तिघा माणसांच्या साहाय्याने प्रमाणाबाहेर जोर लावून मोडलेले हाड ओढण्यात आले आणि त्या धक्क्याने मृत्यू ओढवला. पाय केवळ स्थिर केला, हाड बसविण्याचे काम पुढे ढकलले होते, हा प्रतिवादीचा बचाव आणि प्रमाणपत्रातील मृत्यूचे कारण, दोन्ही दोन्ही न्यायालयांनी नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने त्या निष्कर्षात हस्तक्षेप करण्यास नकार दिला आणि अपील खर्चासह फेटाळले.

येथवर निर्णय निर्दोष आहे असे म्हणावयास हरकत नाही. किंबहुना, रुग्णाच्या बाजूने आणि डॉक्टरच्याही बाजूने इतकी समतोल मांडणी नंतरच्या अनेक निर्णयांत आढळत नाही.

३

आता आपण रकमेकडे वळू. दाव्याअंती मातापित्यांना मंजूर झालेली रक्कम ३,००० रुपये होती. कर्तव्यांच्या विवेचनाला जेथे परिच्छेदांमागून परिच्छेद मिळाले, तेथे या रकमेच्या समर्थनाला जवळजवळ काहीच मिळाले नाही. तीनच हजार का, पाच का नाहीत, एक का नाही, याचा विचार सर्वोच्च न्यायालयापुढे आलाच नाही. अपील डॉक्टरांचे होते. जबाबदारी आहे की नाही एवढाच वादाचा मुद्दा होता. ही तांत्रिक मर्यादा मान्य करूनही, समीक्षकाने नोंदवावयाची गोष्ट अशी की, भारतीय कायद्यातील या पायाभूत निर्णयात काळजीचे माप आहे, पण हानीचे माप नाही.

या मौनाची कारणे जुन्या कायद्यात आहेत. शरीराला झालेल्या इजेबद्दलचा दावा इजा झालेल्याच्या मृत्यूबरोबर संपतो, असा दंडक होता. मृताने भोगलेल्या वेदनांचे मोल कोणी मागावयाचे नाही. १८५५ च्या प्राणघातक अपघातांविषयीच्या अधिनियमाने आईवडील, पतीपत्नी व मुले यांना दावा करण्याचा अधिकार दिला. पण त्याचे स्वरूप मुख्यतः आर्थिक लाभाच्या अपेक्षेचे राहिले. गेलेला माणूस जगता तर त्याच्यापासून तुम्हाला किती मिळाले असते, हा प्रश्न. वीस वर्षांच्या मुलाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर काय द्यावयाचे? त्याची कमाई अद्याप व्हावयाची होती. म्हणजे ज्याचे सारे आयुष्य गेले, त्याच्या आयुष्याची किंमत सर्वांत कमी, असा उफराटा न्याय या पद्धतीतून निष्पन्न होतो.

‘नुकसानभरपाई’ हा आपला शब्द या संदर्भात तपासून पाहण्याजोगा आहे. नुकसान म्हणजे उणीव, घट. भरपाई म्हणजे ती घट भरून काढणे. शेतात पाणी शिरून पीक वाहून गेले तर नुकसान मोजता येते आणि भरपाई देता येते. पोटचा मुलगा गेल्यावर भरावयाचे काय? शब्दाने गृहीत धरलेली क्रिया येथे अशक्य आहे. म्हणून न्यायालये जे करतात ते वस्तुतः भरपाई नसते. ती जबाबदारीची कबुली असते, आणि ती पैशात दिली जाते एवढेच. असे असेल तर रक्कम क्षुल्लक असता कामा नये. क्षुल्लक रक्कम कबुलीलाच क्षुल्लक करते. पंधरा वर्षांना एक आठवडा कमी असताना अंतिम निर्णय लागला. एवढ्या काळात वडिलांनी न्यायव्यवस्थेपुढे जो प्रश्न जिवंत ठेवला, तो तीन हजार रुपयांचा खासच नव्हता. त्यांना बहुधा एवढेच ऐकावयाचे होते की, प्रमाणपत्रावर लिहिलेले कारण खरे नव्हे. ते त्यांनी ऐकले. निर्णयाचे खरे देणे तेच. रक्कम ही त्याची पावती होती.

४

पुढील काळात रकमांचे स्वरूप बदलले, यात शंका नाही. हैदराबादेत १९९० साली वीस वर्षांच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्याचे अधोशरीर लुळे पडले. ‘निजाम्स इन्स्टिट्यूट विरुद्ध प्रशांत धनंका’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली त्याला एक कोटी रुपये दिले. कोलकात्यातील कुणाल साहा प्रकरणात पत्नीचा मृत्यू १९९८ साली झाला, अंतिम निर्णय २०१३ साली लागला आणि रक्कम सुमारे सहा कोटींपर्यंत गेली. मोटार अपघातांसाठी वापरावयाचा ठरावीक गुणकांचा तक्ता वैद्यकीय हयगयीला आंधळेपणाने लावू नये, असे दोन्ही निर्णय सांगतात. १९६८ च्या मौनाचे हे उशिरा मिळालेले उत्तर होय.

परंतु उत्तर नीट वाचले पाहिजे. सहा कोटींतील बहुतांश भाग मृत स्त्रीच्या भावी उत्पन्नाच्या हानीपोटी होता, आणि ते उत्पन्न अमेरिकेतील व्यावसायिक जीवनाच्या हिशेबाने धरलेले होते. आता कन्हेरीतील शेतमजूर स्त्रीचा विचार करा. ती उसाच्या फडात खुरपते, घरची गुरे सांभाळते, स्वयंपाक करते, सासूचे आजारपण काढते. तिच्या उत्पन्नाचा दाखला नाही. ‘लता वाधवा’ प्रकरणात, जमशेदपूरच्या १९८९ च्या अग्निकांडात मरण पावलेल्या गृहिणींच्या घरकामाचे मोल सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दरमहा ३,००० रुपये धरले. गृहिणीच्या श्रमाला मोल आहे हे मान्य करणारे ते महत्त्वाचे पाऊल होते. तरीही मापाचा दंडक तोच राहिला. मोजली जाते ती कमाई, माणूस नव्हे. १९५३ च्या तरुणाला जे माप अपुरे पडले, तेच माप आज मोठ्या आकड्यांत फिरते, आणि ज्याच्यापाशी आकडा नाही त्याला पुन्हा अपुरे पडते. रक्कम वाढली म्हणून विचार वाढला, असा निष्कर्ष काढता येत नाही.

५

याहूनही गंभीर एक गोष्ट जोशी–गोडबोले निर्णयात दडलेली आहे. वादी स्वतः डॉक्टर होते. मॉर्फियाची मात्रा किती, भूल केव्हा द्यावयाची, प्रमाणपत्रावरील कारण संभवनीय आहे की नाही, हे प्रश्न त्यांना विचारता आले. कारण ती भाषा त्यांना अवगत होती. कुणाल साहा हेही डॉक्टर. म्हणजे ज्या निर्णयांनी रुग्णांचे हक्क घडविले, ते पुष्कळ अंशी वैद्यक जाणणाऱ्यांनीच मिळविले आहेत. ही त्यांची निंदा नव्हे; त्यांचे उपकारच आहेत. पण त्यावरून दाराचा उंबरठा किती उंच आहे, हे दिसून येते.

वैद्यक न जाणणारा माणूस केव्हा यशस्वी होतो? जेव्हा चूक स्वतःच बोलते तेव्हा. ‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हे प्रकरण त्याचे उदाहरण. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील सरकारी रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये एक स्त्री बाळंत झाली. तिची संततिप्रतिबंधक शस्त्रक्रिया झाली. ताप व वेदना सुरू झाल्या. पुन्हा पोट उघडले तेव्हा आत राहिलेला कपडा सापडला. २४ जुलै रोजी ती वारली. पोटात कपडा राहिला, हे सांगण्यास विशेषज्ञ नको. घटनाच आपली साक्ष देते. दिवाणी न्यायालयाने ३६,००० रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने तो हुकूमनामा रद्द केला. राज्यावर जबाबदारी येत नाही असे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली तो पुन्हा कायम केला आणि सांगितले की, रुग्णालय चालविणे हे कल्याणकारी कार्य आहे, सार्वभौम सत्तेचा अनन्य व्यापार नव्हे. म्हणून नोकरांच्या हयगयीबद्दल राज्य जबाबदार आहे. तत्त्व मोठे, पण मधे तेहेतीस वर्षांचे अंतर. आईवाचून वाढलेले मूल त्या दिवशी तेहेतीस वर्षांचे होत आले होते.

ज्या चुका अशा बोलत नाहीत, त्यांचे काय? औषधाची मात्रा चुकली, रक्तस्राव वेळेवर ओळखला गेला नाही, रुग्ण पुढे पाठविण्यास उशीर झाला, या चुका कागदातच सापडतात. आपल्याकडे लोक ज्याला ‘केसपेपर’ म्हणतात, तो कागद म्हणूनच निर्णायक ठरतो. ‘रघुनाथ रहेजा’ प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली हे कागद रुग्णास वा नातेवाइकांस नाकारता येत नाहीत असे ठरविले. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने मागणीपासून ७२ तासांत ते देण्याचे बंधन घातले. तथापि कागद मागावयाचा असतो हेच ज्याला ठाऊक नाही, तो अंत्यविधी उरकून, बिल भरून, हाती मिळालेले डिस्चार्ज कार्ड कोनाड्यात ठेवून देतो. वर्षभराने कोणी सांगितले तर तो चौकशीस जातो. जोशी–गोडबोले निर्णयातील तास-मिनिटांची नोंद आपण प्रथम गौरविली; ती नोंद जपून ठेवण्याची दृष्टी वडिलांच्या व्यवसायाने दिलेली होती, हे आता ध्यानात येते.

६

१९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने हा उंबरठा पुष्कळ खाली आणला. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या निर्णयात मोबदला घेऊन केलेला उपचार ही ‘सेवा’ आहे असे ठरविले. २०१९ च्या नव्या अधिनियमाखाली तक्रारदार आपण राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करू शकतो. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. आयोगाचा अधिकार मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, तर दिलेल्या मोबदल्यावरून ठरतो. नव्या अधिनियमातून वैद्यकीय सेवा वगळली गेली असा युक्तिवाद झाला. मुंबई उच्च न्यायालयाने तो २०२१ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली अमान्य केला. प्रत्येक तक्रारीत विशेषज्ञाचे मत हवेच असे नाही, हे ‘किशन राव’ निर्णयाने २०१० साली स्पष्ट केले. म्हणजे कन्हेरीच्या रहिवाशाला आता पुण्याच्या जिल्हा आयोगापुढे, शक्य तर वकिलावाचूनही, उभे राहता येते.

पण याच ‘शांता’ निर्णयाने एक रेषाही आखली आहे. जेथे सर्वांनाच विनामूल्य उपचार मिळतात, तेथील सेवा या अधिनियमाच्या बाहेर राहते. नाममात्र नोंदणी शुल्क घेतल्याने फरक पडत नाही. जेथे काही रुग्ण पैसे देतात आणि काहींना फुकट उपचार मिळतात, तेथे मात्र दोघांनाही संरक्षण आहे. कायद्याच्या व्याख्येत हे सुसंगत आहे : ग्राहक म्हणजे मोबदला देणारा. परंतु परिणाम पाहा. ऐपतीचा माणूस खाजगी रुग्णालयात जातो, त्याला सोपा मार्ग खुला. ऐपत नसलेला माणूस पूर्णतः विनामूल्य सरकारी रुग्णालयात जातो, त्याने दिवाणी न्यायालयात जावे. म्हणजे अच्युतराव खोडवा ज्या वाटेने तेहेतीस वर्षे चालले, त्या वाटेने. त्रासदायक वाट ज्याला कमी झेपेल त्याच्याच वाट्याला आली. रुग्णाचा अधिकार डॉक्टरच्या काळजीच्या कर्तव्यातून उत्पन्न होतो, असे १९६८ च्या निर्णयाने सांगितले होते. तो रुग्णाने दिलेल्या पैशातून उत्पन्न होत नाही. या अर्थाने जुना निर्णय नव्या व्यवस्थेपेक्षा अधिक उदार आहे, आणि हाच त्याचा आज सर्वांत अधिक उपयोगाचा भाग आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

७

या साऱ्या विवेचनावर एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. भरपाईचे भय वाढले की डॉक्टर अवघड रुग्ण हाती घेणार नाहीत. अनावश्यक तपासण्या वाढतील. लहान गावातील रुग्णाला हात न लावता पुढे पाठविण्याची प्रवृत्ती बळावेल, आणि तिचा पहिला फटका कन्हेरीसारख्या गावालाच बसेल. ‘जेकब मॅथ्यू’ निर्णयात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे भय ध्यानात घेऊन फौजदारी जबाबदारीसाठी ढोबळ स्वरूपाच्या हयगयीची कसोटी लावली. इंग्लंडमधील १९५७ च्या बोलम निर्णयाचे सूत्रही हेच सांगते की, जाणकार सहव्यावसायिकांनी मान्य केलेली पद्धत अवलंबिणारा डॉक्टर केवळ निकाल वाईट लागला म्हणून दोषी ठरत नाही. हे योग्यच आहे. प्रत्येक मृत्यू हयगयीने होत नाही, आणि शोक हा पुरावा नव्हे.

परंतु पालशेतच्या डॉक्टरांचे उदाहरण याच निर्णयात आहे. त्यांच्यापाशी साधने नव्हती. त्यांनी फळ्या बांधल्या, आपल्या आवाक्याबाहेरचे काम हाती घेतले नाही, योग्य ठिकाणी नेण्याचा सल्ला दिला आणि रात्रीच्या प्रवासात स्वतः रुग्णाबरोबर गेले. तीन कर्तव्यांपैकी पहिले कर्तव्य त्यांनी किती साधेपणाने पाळले, हे कोणत्याही परिच्छेदात सांगितलेले नाही. निवेदनातूनच ते दिसते. वाजवी काळजीची अपेक्षा प्रामाणिक डॉक्टरला जाचक होत नाही, याचा याहून चांगला पुरावा कोणता? कायद्याने मागितले आहे ते एवढेच, आणि ते खेड्यातील साधनहीन डॉक्टरलाही जमले होते.

तात्पर्य, जोशी–गोडबोले निर्णय काळजीच्या तत्त्वासाठी श्रेष्ठ आहे, हानीच्या मापासाठी अपुरा आहे. त्याच्या पुढील पिढ्यांनी रकमा वाढविल्या, पण माप कमाईचेच ठेवले. दार सोपे केले, पण पैसे देणाऱ्यासाठी. अभ्यासकांपुढे यातून दोन कामे उभी राहतात. जिल्हा आयोगांच्या आणि तालुक्याच्या दिवाणी न्यायालयांच्या निर्णयांचे मराठीतून संकलन व वाचन झाले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलेली प्रकरणे मूठभर, आणि ती बहुधा जाणकारांची असतात. दुसरे, केसपेपरची प्रत मागण्याचा अधिकार आणि तक्रारीची दोन वर्षांची मुदत या दोन गोष्टी गावोगाव ठाऊक व्हाव्यात यासाठी कायद्याच्या विभागाने विद्यापीठाबाहेर पाऊल टाकले पाहिजे. पुण्याच्या त्या खोलीत साडेसहा वाजता मुलाचा श्वास जड झाला हे आईने ओळखले. पुढची पंधरा वर्षे तिच्या त्या निरीक्षणाला शब्द देण्यास घरात डॉक्टर होता. ज्या घरात तो नाही, त्या घरच्या आईचे निरीक्षणही तितकेच खरे असते. ते न्यायालयापर्यंत पोहोचावे यासाठी लागणारी भाषा तिला उपलब्ध करून देणे हे विद्येचे काम आहे.